उतारवयात उशिरा उमगणारा रोग

‘वयोमानाप्रमाणे’ हा शब्द मोठा सोयीचा आहे. गुडघे दुखू लागले, दृष्टी मंदावली, रात्रीची झोप उणावली की घरची माणसे हा शब्द उच्चारतात आणि विषय तेथेच संपतो. पुष्कळदा तो खराही असतो. देह झिजतो, त्याच्या कुरबुरी वाढतात आणि प्रत्येक कुरबुरीमागे रोगच असतो असे नाही. परंतु याच शब्दाच्या आडोशाला कधी कधी असा एखादा रोग वर्षानुवर्षे दडून बसतो, की ज्याचा वयाशी काहीही संबंध नसतो. तो वेळीच ओळखला गेला असता तर त्या माणसाची पुढली अनेक वर्षे सुखाने गेली असती. एच. आय. व्ही. या विषाणूचा संसर्ग हा अशा रोगांपैकी एक होय.

मडगाव असो की बेळगाव, इंदूर असो की बडोदे, कोणत्याही साध्यासुध्या घरात घडू शकेल असे एक चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. वय वर्षे ६६. निवृत्त गृहस्थ. पत्नी निवर्तल्याला काही वर्षे लोटलेली; मुलगा, सून व नातवंडे यांच्यासह राहणे. एका पावसाळ्यात त्यांच्या पाठीवर नागीण उठते. मलम लागते, नागीण बरी होते. पुढे अन्न गोड लागेनासे होते, कमरेचा पट्टा दोन भोके आत जातो. जिभेवर पांढरा थर दिसू लागतो, तेव्हा तो कवळीमुळे आला असे ठरते. संध्याकाळी अंगात कसर येते. डॉक्टर बदलतात, साखर तपासली जाते, पोटात दुर्बीण घातली जाते, कर्करोगाची शंका घेऊन मोठमोठ्या यंत्रांखाली त्यांना निजवले जाते. दीड वर्ष असे जाते. अखेर एका रात्री श्वास लागतो, रुग्णालयात दाखल करावे लागते, आणि तेथे एक तरुण डॉक्टरीण एक साधी रक्तचाचणी सांगते. दीड वर्षात दहा प्रकारच्या तपासण्या झाल्या. पण रक्ताच्या चार थेंबांची ही एकच तपासणी कोणाला सुचली नव्हती.

हे चित्र कल्पित आहे, परंतु अवास्तव नाही. जगातील अनेक देशांत असे घडल्याच्या नोंदी आहेत. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे २००० ते २००७ या काळात निदान झालेल्या रुग्णांचा एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की पन्नाशीच्या आतील रुग्णांपैकी सुमारे एक-तृतीयांश लोकांचे निदान फार उशिरा झाले होते. पन्नाशी ओलांडलेल्यांत हेच प्रमाण जवळजवळ निम्म्यावर गेले होते. त्याहून विचारात पाडणारी गोष्ट म्हणजे, पन्नाशीपुढच्या ज्या रुग्णांना रोग उशिरा कळला, त्यांच्यात निदानानंतरच्या एका वर्षात मृत्यू येण्याचे प्रमाण, वेळेवर निदान झालेल्या त्याच वयाच्या रुग्णांच्या मानाने चौदापट होते. रोग तोच, वय तेच, औषधेही तीच. फरक पडला तो केवळ कळण्याच्या वेळेमुळे.

हा फरक इतका मोठा का, हे समजण्यासाठी विषाणूची कार्यपद्धती थोडी जाणून घ्यावी लागते. माणसाच्या रक्तातील पांढऱ्या पेशींमध्ये एक जात असते; तिला शास्त्रज्ञ सीडी-४ पेशी म्हणतात. शाळेतील घंटा वाजविणाऱ्या शिपायासारखे तिचे काम असते. शिपाई स्वतः शिकवीत नाही. परंतु त्याने घंटा दिली नाही तर वर्ग भरत नाहीत आणि सुटतही नाहीत. तद्वत् ही पेशी शरीरात शिरलेल्या जंतूची वर्दी इतर पेशींना देते आणि त्यांना कामाला लावते. एच. आय. व्ही. हा विषाणू नेमका याच पेशीत शिरतो, तिच्यातच आपल्या प्रती तयार करतो आणि तिचा नाश घडवून आणतो. निरोगी प्रौढ माणसाच्या रक्तात दर घन मिलिमीटरमागे या पेशी साधारणतः ५०० ते १५०० असतात. संसर्ग झाल्यावर दोन ते चार आठवड्यांत काहींना फ्लूसारखा ताप येतो व जातो. त्यानंतर कित्येक वर्षे माणूस धडधाकट दिसतो. आत मात्र पेशींची संख्या हळूहळू घटत असते. ती २०० च्या खाली गेली की एरवी निरुपद्रवी असणारे जंतूही डोके वर काढतात. क्षय, एका विशिष्ट प्रकारचा न्यूमोनिया, मेंदूच्या आवरणाचा दाह असे रोग एकामागून एक येऊ लागतात. या अवस्थेला एड्स हे नाव आहे. म्हणजे एच. आय. व्ही. हे विषाणूचे नाव आणि एड्स ही त्याच्या कारवायांची अखेरची पायरी. या दोहोंमध्ये वर्षांचे अंतर असते आणि त्या अंतरातच माणूस वाचविता येतो.

पेशींची संख्या ३५० च्या खाली गेल्यावर रोग कळला तर वैद्यकशास्त्र त्यास उशिराचे निदान म्हणते. २०० च्या खाली कळला तर रोग पुढच्या थरास गेला असे मानते. आता येथे वय आड येते. प्रतिकारशक्तीच्या एका महत्त्वाच्या वर्गातील पेशी छातीत, हृदयाच्या वरच्या बाजूस असलेल्या थायमस नावाच्या ग्रंथीत तयार होऊन बाहेर पडतात. ही ग्रंथी वयाबरोबर आक्रसत जाते. तरुण शरीर गमावलेल्या शिपायांच्या जागी नवे शिपाई नेमू शकते. वृद्ध शरीराला ती भरती नीट जमत नाही. प्रभावी औषधे येण्यापूर्वीच्या काळातील युरोप, उत्तर अमेरिका व ऑस्ट्रेलिया येथील हजारो रुग्णांची माहिती एकत्र करून २००० साली जे निष्कर्ष काढण्यात आले, त्यांवरून हे स्पष्ट होते. १५ ते २४ या वयात संसर्ग झालेल्यांपैकी निम्मे लोक साडेबारा वर्षांहून अधिक जगले. ४५ ते ५४ या वयात संसर्ग झालेल्यांच्या बाबतीत हाच काळ सुमारे आठ वर्षांवर आला. सारांश, ज्याच्या हाती वेळ कमी, त्याचाच वेळ आपण ‘वयोमानाप्रमाणे’ म्हणून अधिक दवडतो.

असे का व्हावे? याचे पहिले कारण या रोगाच्या इतिहासातच आहे. जगाला त्याची पहिली वर्दी मिळाली ती ५ जून १९८१ रोजी. अमेरिकेतील लॉस एंजेलिस येथे पाच तरुणांना एका दुर्मिळ न्यूमोनियाने गाठल्याचा वृत्तांत त्या दिवशी तेथील सरकारी आरोग्यखात्याच्या साप्ताहिक पत्रात आला. १९८३ मध्ये पॅरिसच्या पाश्चर संस्थेत हा विषाणू सापडला. त्या शोधाबद्दल फ्रान्स्वाझ बारे-सिनूसी व ल्यूक माँतान्ये यांना २००८ चे नोबेल पारितोषिक मिळाले. १९८५ मध्ये रक्तचाचणी उपलब्ध झाली, आणि १९८६ मध्ये मद्रास येथे डॉ. सुनीती सॉलोमन व त्यांच्या सहकारी यांनी भारतातील पहिले रुग्ण शोधून काढले. या सुनीतीबाई माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत स्थायिक झालेल्या मराठी घराण्यातल्या. पुढे आपले उभे आयुष्य त्यांनी या रुग्णांच्या सेवेत वेचले. या सर्व आरंभीच्या बातम्यांतील रुग्ण बहुधा तरुण होते. त्यामुळे हा तरुणांचा रोग, आणि तोही ‘त्या तसल्या’ लोकांचा, अशी जी समजूत लोकांच्या मनात बसली ती बसलीच. तेव्हाचे तरुण आज म्हातारे झाले. समजूत मात्र तरुणच राहिली.

त्या काळच्या भीतीचेही ओझे आजच्या वृद्ध पिढीच्या मनावर आहे. १९८९ साली गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाच्या रक्तात, त्याने केलेल्या रक्तदानानंतर, हा विषाणू आढळला. तेव्हाच्या कायद्याचा आधार घेऊन त्याला ६४ दिवस एकांतात कोंडून ठेवण्यात आले. त्याने त्याविरुद्ध आवाज उठविला, रुग्णांसाठी कार्य उभे केले आणि १९९२ मध्ये तो निवर्तला. ज्यांनी त्या दिवसांत वर्तमानपत्रांतून हे वाचले, ते तेव्हा तिशी-चाळिशीत होते. आज ते सत्तरीच्या घरात आहेत. या रोगाचे नाव काढले की त्यांच्या डोळ्यांपुढे कुलूपबंद खोली आणि निश्चित मरण याच दोन गोष्टी येतात. अशा माणसाने आपणहून तपासणीला जावे ही अपेक्षा कशी करावी?

दुसरे कारण लक्षणांत आहे. या विषाणूने निर्माण केलेली बहुतेक लक्षणे म्हातारपणाच्या नित्याच्या दुखण्यांचाच वेष घेऊन येतात. वजन घटणे, थकवा, भूक मंदावणे, वरचेवर जुलाब, रात्री घाम, बारीक ताप यांतले वेगळे असे काय आहे? साठीपुढच्या माणसाला नागीण होते, मधुमेह्याच्या तोंडात पांढरा बुरशीचा थर येतो, क्षय तर आपल्या देशात कोणालाही होतो. विसरभोळेपणा आला तर ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण तयारच आहे. परंतु हा विषाणू मेंदूवरही परिणाम करतो आणि उपचारांनी ती विस्मृती काही अंशी सुधारू शकते, हे कोणाच्या ध्यानी येत नाही. तरुणाला हीच लक्षणे झाली असती तर डॉक्टर थबकला असता. वृद्धाच्या बाबतीत त्याला प्रत्येक लक्षणाचे एक-एक वेगळे, पटण्याजोगे कारण सापडते आणि म्हणून सर्वांचे मिळून एकच कारण असेल, हा विचार मागे पडतो.

तिसरे कारण संकोचाचे आहे, आणि सर्वांत बळकट तेच. समोर बसलेले गृहस्थ वयाने वडिलांसारखे. कदाचित डॉक्टरांना शाळेत शिकविलेलेही असतील. त्यांना ‘सर’ किंवा ‘काका’ म्हणून हाक मारायची आणि त्याच तोंडाने त्यांच्या खाजगी आयुष्याविषयी विचारायचे, हे जड जाते. रुग्ण आपणहून बोलत नाही, डॉक्टर विचारीत नाही, आणि मुले तर तशी कल्पनाही करू शकत नाहीत. आईवडिलांना खाजगी आयुष्य असते हे मान्य करणे मुलांना कोणत्याही वयात कठीणच वाटते. परंतु नोकरीतून ज्या तारखेस निवृत्ती मिळते, त्या तारखेस माणसाच्या देहाच्या व मनाच्या भुका निवृत्त होत नाहीत. कोणी विधुर असतो, कोणी एकाकी असते, कोणी उतारवयात पुन्हा संसार मांडते, कोणाचा पाय एखाद्या वेळी घसरतो. इंग्लंडमधील वर उल्लेखिलेल्या अभ्यासातील वृद्ध रुग्णांपैकी जवळजवळ निम्म्यांना पन्नाशीनंतरच संसर्ग झाला असावा, असा अभ्यासकांचा अंदाज होता. युरोपातील ३१ देशांच्या पाहणीत २०१५ साली नव्याने निदान झालेल्या दर सहा रुग्णांपैकी एक पन्नाशीचा वा त्याहून मोठा होता. गर्भधारणेची भीती संपल्यामुळे या वयात निरोधाचा वापर कोणी करीत नाही. आणि स्त्रियांच्या शरीरातील अंतस्त्वचा पाळी गेल्यानंतर पातळ व कोरडी होत असल्याने संसर्गाला वाट अधिक सहज मिळते.

हा संकोच नियमांतही उतरलेला दिसतो. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी २००६ मध्ये अशी शिफारस केली की दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाची, काही संशय असो वा नसो, एकदा ही चाचणी व्हावी. शिफारस फार मोलाची होती; परंतु तिची वयोमर्यादा १३ ते ६४ ठेवण्यात आली. त्यापुढच्या वयात चाचणी करू नये असे कोणी म्हटले नव्हते. पण जो नियमाच्या रेषेपलीकडे उभा असतो त्याच्याकडे पाहण्याची सवय हळूहळू सुटते.

आता चौथ्या, आणि अधिक दुःखद कारणाकडे वळावे. हा रोग चारित्र्याची साक्ष देतो अशी जी समजूत आहे, तिने सर्वांत मोठा अन्याय स्त्रियांवर केला आहे. पुण्यात १९९३ ते १९९६ या काळात राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी गुप्तरोगांच्या दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांची तपासणी केली. त्यांत वेश्याव्यवसायाशी काडीचाही संबंध नसलेल्या ज्या स्त्रिया होत्या, त्यांच्यापैकी शेकडा १३ ते १४ जणींच्या रक्तात हा विषाणू आढळला. आणि या स्त्रियांपैकी बहुतेकींचा आयुष्यभरात आपल्या पतीखेरीज कोणाशीही संबंध आलेला नव्हता. तो निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या पिढीच्या स्त्रिया आज पन्नाशी-साठीच्या आहेत. त्यांच्यासारख्या कितीतरी जणींचे पती ‘क्षयाने’ किंवा ‘काविळीने’ गेले, असे त्या काळी सांगितले गेले आणि खरे कारण चितेबरोबर किंवा थडग्याबरोबर झाकले गेले. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ असे आपण म्हणतो. परंतु या झाकल्या मुठीत एका विधवेचे प्राण अडकलेले असतात, याचा विचार कोणी केला नाही.

रक्ताचेही एक कारण आहे. भारतात दात्यांच्या रक्ताची एच. आय. व्ही. साठी तपासणी सक्तीची झाली ती १९८९ मध्ये, आणि पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांवर बंदी आली ती १ जानेवारी १९९८ पासून. म्हणजे एखाद्या जुन्या शस्त्रक्रियेत, बाळंतपणात अथवा अपघातात रक्त घेतलेला माणूस, त्याच्या हातून कोणताही दोष घडलेला नसतानाही या संसर्गाचा धनी होऊ शकत होता. मात्र तीस-पस्तीस वर्षांपूर्वीच्या संसर्गाने उपचारांवाचून आजवर स्वस्थ राहणे ही विरळाच गोष्ट. म्हणूनच हे कारण आठवावे, पण त्यावरच भिस्त ठेवू नये. संसर्ग कसा झाला याचा शोध हा उपचाराच्या आधीचा प्रश्न नव्हेच. तो कधीकधी सुटतही नाही आणि न सुटल्याने काही अडतही नाही.

इतके सर्व ऐकल्यावर कोणी म्हणेल, कळून तरी काय उपयोग? वय झाले, आता या वयात हे कशाला उकरून काढायचे? या प्रश्नाचे उत्तर १९८९ मध्ये निराळे होते आणि आज निराळे आहे. १९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि मृत्यूंचे प्रमाण झपाट्याने खाली आले. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून ही औषधे मोफत देण्यास आरंभ केला. आरंभी पेशी बऱ्याच घटल्यावरच औषध सुरू करीत. पुढे भारतासह ३५ देशांतील सुमारे ४,७०० रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये आले. पेशी ५०० च्या वर असतानाच उपचार सुरू केलेल्यांमध्ये गंभीर आजार व मृत्यू यांचे प्रमाण, थांबून उपचार घेणाऱ्यांच्या मानाने निम्म्याहूनही कमी होते. २०१७ पासून आपल्या देशातही निदान होताच, पेशींची संख्या कितीही असो, उपचार सुरू करण्याचे धोरण आहे. तीन औषधांची मिळून दिवसाला बहुधा एकच गोळी घ्यावी लागते. ती नियमाने घेणाऱ्याच्या रक्तात बहुधा सहा महिन्यांच्या आत विषाणूचे प्रमाण इतके घटते की चाचणीत तो सापडेनासा होतो. आणि ते तसेच राहिले तर शारीरिक संबंधांतून जोडीदाराला संसर्ग होत नाही, हे युरोपातील जोडप्यांच्या दीर्घ निरीक्षणांतून २०१६ व २०१९ मध्ये निःसंशय सिद्ध झाले. वेळीच उपचार घेणारा माणूस इतरांइतकेच दीर्घायुषी होण्याची आशा बाळगू शकतो.

वृद्धांच्या बाबतीत दोन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात. औषधांमुळे विषाणू त्यांच्याही शरीरात तरुणांइतकाच दबतो. गोळ्या वेळेवर घेण्यात तर पुष्कळदा वृद्धच अधिक नेटके असतात. परंतु गेलेल्या पेशी भरून यायला त्यांना अधिक काळ लागतो. म्हणून पेशी पुष्कळशा शिल्लक असतानाच रोग कळणे त्यांच्या दृष्टीने दुप्पट मोलाचे. दुसरी गोष्ट म्हणजे, या वयात मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार यांची औषधे आधीच चालू असतात. हल्ली सर्रास दिले जाणारे डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचे रक्तातील प्रमाण वाढविते. आम्लपित्ताची काही औषधे व कॅल्शियम-लोहाच्या गोळ्या त्याच्याबरोबर घेतल्या तर त्याचाच गुण कमी होतो. तेव्हा घरातील सर्व गोळ्यांची पिशवी घेऊन डॉक्टरांपुढे जावे आणि काहीएक लपवू नये. याकरिता औषधे सोडण्याची गरज नसते. वेळा व मात्रा जुळवून घेतल्या की भागते.

चाचणीविषयी बोलायचे तर ती अगदी साधी असते. सरकारी रुग्णालयांतून एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रे आहेत. तेथे ती मोफत होते. आधी समुपदेशक बोलतात, संमती घेतात, मग थोडे रक्त घेतले जाते. पहिल्या चाचणीत विषाणूची खूण दिसली तरी तेवढ्यावर निकाल देत नाहीत. निराळ्या पद्धतीच्या आणखी चाचण्या करूनच निदान पक्के केले जाते. संसर्ग अगदी ताजा असल्यास पहिल्या काही आठवड्यांत तो चाचणीला चकवू शकतो, म्हणून शंकेच्या प्रसंगानंतर तीन महिन्यांनी चाचणी पुन्हा करावी. १०९७ या क्रमांकावर नाव न सांगता माहिती विचारता येते. आणि १० सप्टेंबर २०१८ पासून या विषयाचा एक स्वतंत्र केंद्रीय कायदा अमलात आहे. त्या कायद्यानुसार संमतीवाचून चाचणी करता येत नाही, निकाल गुप्त ठेवावा लागतो आणि रुग्णाला नोकरी, उपचार, निवारा यांबाबत वेगळी वागणूक देता येत नाही. कोंडून ठेवण्याचे दिवस गेले. आता कायदा रुग्णाच्या बाजूने उभा आहे.

चाचणी कोणी करून घ्यावी? ज्याला क्षय झाला आहे त्याने, वय काहीही असो, ती करावीच. ज्याचे वजन कारण न सापडता घटत आहे, ज्याला नागीण पुनःपुन्हा उठते वा फार पसरते, तोंडातील पांढरा थर हटत नाही, जुलाब वा ताप महिनाभर रेंगाळतो, न्यूमोनिया वरचेवर होतो, विसरणे एकाएकी वाढते, त्याच्या डॉक्टरांनी ही तपासणी इतर तपासण्यांच्या यादीत शेवटी नव्हे, आरंभीच लिहावी. ज्याच्या पतीचा वा पत्नीचा मृत्यू अशाच न उलगडलेल्या आजाराने झाला, त्यानेही ती करावी. आणि ज्याचे निदान झाले त्याच्या जोडीदाराचीही, दोषारोप न करता, चाचणी व्हावी.

राहता राहिला विचारण्याचा प्रश्न. तो विचारण्याचीही एक रीत आहे. “काका, तुमच्या वयाच्या माणसाचे वजन असे उतरू लागले की आम्ही काही तपासण्या सर्वांच्याच करतो, त्यात साखर आहे, थायरॉइड आहे, एच. आय. व्ही. सुद्धा आहे. तुमची हरकत नाही ना?” एवढे पुरते. त्यात संशय नाही, चौकशी नाही, आगळीक तर मुळीच नाही. ‘सर्वांच्याच’ या एका शब्दाने मोठा आडपडदा दूर होतो. वडीलधाऱ्यांचा मान राखणे म्हणजे त्यांना अडचणीचा प्रश्न न विचारणे, अशी आपली समजूत आहे; परंतु ज्या मानापायी माणूस जिवास मुकतो तो मान काय कामाचा?

आणि निकाल प्रतिकूल आलाच तर घरच्यांनी काय करावे? एकाच ताटात जेवल्याने, एकाच पेल्याने पाणी प्यायल्याने, अंगाला अंग लागल्याने, शिंकेने, डासाने हा विषाणू पसरत नाही. आजोबांच्या मांडीवर नातू पूर्वीसारखाच बसू शकतो. त्यांची पथारी निराळी करण्याचे, पेला वेगळा ठेवण्याचे काहीही कारण नाही. ‘हे तुम्हाला झालेच कसे?’ या प्रश्नापेक्षा ‘गोळी घेतली का?’ हा प्रश्न रोज विचारावा. त्यांना तोच हवा असतो.

आरंभीच्या त्या चित्राकडे पुन्हा एकदा वळावे. तेच घर, तेच ६६ वर्षांचे गृहस्थ, तोच पावसाळा. पाठीवर नागीण उठली आहे. डॉक्टर मलम लिहून देतात, आणि कागद हातात देण्यापूर्वी क्षणभर थांबून आणखी एक तपासणी लिहितात. गृहस्थ किंचित चपापतात, मग मान डोलावतात. आठवड्याने निकाल येतो. तो ऐकताना त्यांचे हात कापतात, एक-दोन रात्री झोप लागत नाही. समुपदेशक त्यांच्याशी बोलतात; ते मुलाला विश्वासात घेतात आणि गोळी सुरू होते. दीड वर्षानंतर, जेव्हा पहिल्या चित्रातील गृहस्थ प्राणवायूच्या नळीखाली निजलेले असतात, तेव्हा हे गृहस्थ नातवाचे बोट धरून त्याला शाळेच्या फाटकापर्यंत पोहोचवीत असतात. दोन्ही चित्रांतील माणूस एकच आहे, त्याच्या रक्तातील विषाणूही एकच. मधे फक्त एक प्रश्न विचारला गेला, आणि तो वेळेवर विचारला गेला.